भाव कोणासाठी लिहितात?

सोलापुरात आज कांदा काय भावाने गेला, हे मला रोज रात्री केंद्र सरकारच्या सर्व्हरवरून कळतं. हैदराबाद रोडवरचं श्री सिद्धेश्वर मार्केट यार्ड माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. सकाळी तिथे लिलाव होतो, समितीचा कारकून आकडे भरतो, ते आकडे दिल्लीच्या खात्याकडे जातात आणि रात्री नऊ वाजता माझ्या टेबलाखालचा संगणक, मी समोर असो वा नसो, त्या खात्याकडे यादी मागतो. यादी आली की हव्या त्या ओळी निवडतो, कालच्या ओळींखाली लिहून ठेवतो आणि यार्डातल्या काही गाळ्यांना, मोहोळ-अक्कलकोटकडच्या काही शेतकऱ्यांना एका ओळीचा निरोप धाडतो. गल्लीतली बातमी राजधानीला वळसा घालून गल्लीत येते. तोवर तो कांदा कर्नाटकाची हद्द ओलांडून गेलेला असतो.

मी अडत दुकानांचे हिशेब टॅलीवर करून देते. वडील, म्हणजे आमचे अप्पा, भुसाराच्या अडतीत दिवाणजी होते. त्यामुळे भावाची यादी आमच्या घरात दोन पिढ्या आहे. अप्पांनी ती हाताने उतरवली, मी प्रोग्रामकडून उतरवून घेते. हा वळसा मला आधी विनोदी वाटायचा. जुनी कागदपत्रं चाळायला लागले तेव्हा दिसलं की यात नवीन काही नाही. सोलापूरचा भाव पहिल्यापासून लांबच्या माणसासाठीच लिहिला गेला आहे.

रुपयाला किती पौंड

जेम्स कॅम्पबेल यांनी संपादलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालेतला सोलापूरचा खंड 1884 साली निघाला. त्यातले धान्याचे भाव वाचताना आजच्या माणसाचा घोळ होतो, कारण तिथला आकडा रुपयांचा नाहीच, धान्याचा आहे. एका रुपयाला ज्वारी किती पौंड, असा. आकडा मोठा असेल तर स्वस्ताई आणि लहान असेल तर महागाई. बाजारातली बोलीही तशीच होती, रुपयाला अमुक शेर.

हा हिशेब कोणाला हवा होता? कलेक्टरला. सारा रुपयांत ठरलेला. तो भरायचा तर रयतेला किती धान्य विकावं लागेल, हे या आकड्यावरून समजे. 1876-77 च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला आणि त्यानंतर या आकड्याला आणखी एक काम लागलं. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर इलाख्या-इलाख्यांतून दुष्काळ संहिता तयार झाल्या, आणि धान्याचे भाव एकाएकी चढणं ही दुष्काळाची आगाऊ खूण धरली जाऊ लागली. म्हणजे मामलेदार कचेरीतून वर जाणारी भावाची यादी हा सरकारचा इशाऱ्याचा भोंगा होता. ज्याच्या शेतात ज्वारी करपली त्याला मात्र यादी वाचायची गरज नव्हती.

दुसरा गिऱ्हाईक त्याहून लांबचा. जी. आय. पी. रेल्वे 1860 साली सोलापुरात पोचली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडची रुई मिळेना आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1865 साली युद्ध थांबलं आणि भाव कोसळले, मुंबईतल्या भल्याभल्या पेढ्या बसल्या. त्याच वर्षी हिंदुस्थान आणि विलायत तारायंत्राने जोडले गेले, आणि 1870 साली समुद्राखालची तार थेट मुंबईला लागली. लिव्हरपूलचा भाव जहाजाने यायला जिथे आठवडे लागत तिथे आता तासांचा मामला झाला. सोलापूरची जुनी गिरणी, म्हणजे मोरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, सुरू झाली ती 1877 साली, ऐन दुष्काळात. या गिरणीचा भोंगा सोलापुरात वाजे, पण तिच्या रुईचा भाव ठरायला मुंबई आणि तिच्याही पलीकडचं जग लागे.

तारेने येणाऱ्या आकड्यांची गोडी इतकी होती की माल न घेता नुसत्या आकड्यावर पैसे लावणारे निघाले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि मिटते भाव टेलिप्रिंटरवर मुंबईत येत आणि त्यांवर आकडा लागे. 1961 साली ते भाव यायचे थांबले, तेव्हा आकडेवाल्यांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. मटक्याचा जन्म असा भावाच्या यादीच्या पोटातून झाला. यादी बंद पडली तरी यादीची सवय सुटली नाही.

उपरण्याखालचे हात

लांबच्या माणसाला भाव तारेने कळत होता. ज्याचा माल होता तो मात्र ढिगाजवळ उभा असूनही भावाला पारखा होता. कारण सौदा व्हायचा तो हत्ता पद्धतीने. खरेदीदार आणि दलाल एकमेकांचे हात हातात घेत, वरून उपरणं किंवा धोतराचा सोगा टाकत आणि बोटं दाबून भाव बोलत. किती बोटं धरली, कोणतं पेर दाबलं, यावर रुपये आणि आणे. याला करपल्लवी म्हणत. तोंडाने बोलायची वेळ आलीच तर व्यापाऱ्यांची नंदभाषा होती, तिच्यातले आकडे बाहेरच्याला उमगत नसत. शेतकऱ्याला दलाल शेवटी एक आकडा सांगे. उपरण्याखाली तोच ठरला होता की दुसरा, हे दलालाच्या इमानावर.

हत्ता मी लहानपणी पाहिला तो सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात. संक्रांतीच्या थंडीत दोन पटकेवाले एका धडप्याखाली हात घालून उभे, तोंडं कोरी, आणि मध्येच एकजण झटक्याने हात काढून घेतोय. बैलाचा मालक दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघतोय. भावाची माहिती नसलेला माणूस कसा दिसतो, ते मी तिथे शिकले.

ही पद्धत मोडायला कायद्याला फार वर्षं लागली. आपल्याकडची पहिली सुरुवात वऱ्हाडात झाली. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने 1886 साली कारंजाचा कापूस बाजार नियमाखाली आला आणि 1897 साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. यात शेतकऱ्याचा कळवळा किती आणि मँचेस्टरला स्वच्छ, वेळेवर कापूस मिळावा ही निकड किती, हे ज्याने त्याने ठरवावं. मुंबई इलाख्याचा कापूस बाजार कायदा 1927 चा. 1928 साली लिनलिथगो यांच्या शाही शेती आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली, 1935 साली केंद्रात पणन खातं उघडलं, 1939 साली मुंबई इलाख्यात सर्व शेतमालासाठी कायदा आला आणि महाराष्ट्र झाल्यावर 1963 चा. आजच्या बाजार समित्या या शेवटच्या कायद्याच्या.

या सगळ्या कलमांचा अर्क दोन गोष्टींत आहे. बोली उघड्यावर, तोंडाने लागली पाहिजे, आणि विक्रीनंतर शेतकऱ्याच्या हातात लेखी हिशेब पडला पाहिजे. त्या हिशेबाला आपण पट्टी म्हणतो. उघड्या बोलीतून यादी निघाली आणि वजनकाट्यावरून पट्टी. दोन्ही कागद एकाच सौद्याचे, पण पुढे त्यांची तोंडं दोन दिशांना झाली.

अप्पांची वही

अप्पा अडतीत लागले तेव्हा मापांची उलथापालथ चालली होती. 1956 साली दशमान वजनमापांचा कायदा झाला, 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलो आला आणि 1962 पर्यंत शेर-मण कायद्याने संपले. बाजारातल्या माणसाच्या डोक्यातून ते इतक्या लवकर जाणार होते थोडेच! अप्पांच्या अडतीत ज्वारीचा भाव पल्ल्यावर बोलत. तीन मणांचा पल्ला, म्हणजे 120 शेर. 80 तोळ्यांचा शेर धरला तर पल्ला भरतो साधारण 112 किलो. शेतकरी पल्ल्याचा भाव विचारणार, पट्टी क्विंटलवर करायची, आणि दोन्ही आकडे जुळतात हे पाटीवर बसलेल्या म्हाताऱ्याला पटवायचं. दिवाणजीचं निम्मं काम हे असे.

उरलेलं निम्मं काम भावाच्या वहीचं. लाल कापडी पुठ्ठ्याची, आडवी, दोऱ्याने शिवलेली वही. डाव्या बाजूला आपल्या गाळ्यावरचे सौदे, उजव्या बाजूला बाहेरगावचे भाव. बार्शी, लातूर, विजापूर, गुलबर्गा, हैदराबाद. उजवी बाजू भरण्यासाठी ट्रंक कॉल. साधा कॉल लावला तर दुपार व्हायची, अर्जंटला जास्त पैसे, आणि लाईटनिंग कॉल म्हणजे मालकाच्या तोंडून परवानगी. मालक मराठीत विचारायचे, अप्पा फोनवर कन्नडमध्ये किंवा मोडक्या तेलुगूत बोलायचे आणि वहीत मोडी वळणाच्या बाळबोधीत लिहायचे. सोलापूरच्या बाजाराला चार भाषा लागतात, आकडे मात्र एकच.

ही उजवी बाजू मालकाची मिळकत होती. विजापुरात ज्वारी चढली हे सकाळी दहाला कळलं तर दुपारी चारपर्यंत सोलापुरात घेऊन ठेवता येते. शेतकऱ्याला ते कळेपर्यंत आठवड्याचा बाजार यायचा. वही रात्री कपाटात जायची आणि किल्ली मालकांच्या कमरेला.

कपाटाला पहिलं भोक पाडलं रेडिओने. आकाशवाणीचं पुणे केंद्र 1953 साली सुरू झालं, पुढे सोलापूरलाही केंद्र आलं, आणि शेतकऱ्यांच्या कार्यक्रमांत बाजारभाव वाचले जाऊ लागले. कसलाही चढउतार नसलेल्या आवाजात मालाचं नाव, प्रत, आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त. ज्याच्या घरात रेडिओ नव्हता तो पारावर ऐकायचा. अप्पा सांगायचे, रेडिओ आल्यावर शेतकऱ्याच्या विचारण्यात फरक पडला. आधी म्हणायचा, 'काय देताय?' नंतर म्हणायला लागला, 'रेडिओवर तर एवढा सांगितला की ओ.' मालक यावर म्हणायचे, 'मग रेडिओलाच घाल जा माल.' तरी थोडं वर सरकायचे.

दुसरं भोक सरकारी. 23 मार्च 1984 रोजी महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळ स्थापन झालं आणि समित्या-समित्यांचे भाव एका जागी गोळा होऊ लागले. मार्च 2000 मध्ये केंद्राच्या पणन व तपासणी संचालनालयाने, म्हणजे 1935 च्या त्याच खात्याच्या वारसाने, अ‍ॅगमार्कनेट सुरू केलं. बाजार समितीत संगणक आला, कारकून रोजचे आकडे त्यात भरू लागला आणि अप्पांच्या वहीची उजवी बाजू सगळ्या देशाला फुकट दिसू लागली. तोवर अप्पा निवृत्त झाले होते. मी त्यांना पडद्यावर विजापूरचा भाव दाखवला. त्यांनी चष्मा सारखा केला, आकडा बघितला आणि विचारलं, 'हा भरला कुणी?'

यादी मागवायची रीत

मला वाटलं होतं की ते म्हातारपणाचं कुतूहल आहे. प्रश्न खरं तर नेमका होता, आणि माझा प्रोग्राम लिहिताना तो जागोजाग आडवा आला. त्यासाठी ही यादी येते कशी, ते सांगायला हवं.

2012 साली केंद्र सरकारने आपल्याकडची माहिती खुली करण्याचं धोरण आणलं आणि त्याच वर्षी त्यासाठी एक राष्ट्रीय मंच उघडला. तिथे देशभरच्या बाजारांतले चालू दिवसाचे भाव असतात आणि ते दोन प्रकारे मिळतात. माणसाने पडद्यावर वाचावेत, किंवा प्रोग्रामने प्रोग्रामकडून मागून घ्यावेत. या दुसऱ्या वाटेला वेब सर्व्हिस म्हणतात. यार्डातल्या एका मालकांनी मला हे काय असतं असं विचारलं. म्हटलं, 'मालक, तुमचा दिवाणजी हैदराबादच्या दिवाणजीला फोन लावून भाव विचारतो. तुम्ही दोघं मालक बोलत नाही. तसंच ते.' ते म्हणाले, 'मग तिथं वशिला चालतोय का ओ ताई?' म्हटलं, 'चालतो की. त्याला एपीआय की म्हणतात.'

की म्हणजे नाव नोंदवल्यावर मिळणारी अक्षरांची लांब माळ. ती प्रत्येक मागणीला जोडावी लागते. नमुन्यादाखल सगळ्यांना खुली असलेली की वापरली तर एका वेळी दहाच ओळी हाती लागतात, म्हणून स्वतःची घ्यायची. मागणीत सांगायचं, राज्य कोणतं, जिल्हा कोणता, माल कोणता, उत्तर कोणत्या रूपात हवं. उत्तर येतं ते ठरलेल्या रकान्यांत: राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, जात, प्रत, तारीख, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. दर क्विंटलचा. जिल्ह्याच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग तिथे ब्रिटिशांच्या वेळचं आहे आणि बाजाराच्या नावाचं आजचं, एवढं लक्षात ठेवलं नाही तर सोलापूरच्या नावाने कोरी यादी येते.

यादी एका दमात येत नाही, पानापानाने येते. किती ओळी हव्यात आणि कितव्या ओळीपासून, असे दोन आकडे प्रत्येक मागणीत द्यायचे. पहिलं पान घ्यायचं, तेवढ्या ओळी सोडून पुढचं मागायचं, आणि ओळी संपल्या की थांबायचं. नवशिके पहिल्या पानावर थांबतात आणि महाराष्ट्रात एवढेच बाजार आहेत असं समजतात. वेळेवर उठवायचं काम क्रॉनचं. 1970 च्या दशकात बेल लॅब्जमध्ये लिहिलेला हा छोटा प्रोग्राम अजूनही जगभरच्या संगणकांना ठरल्या वेळी कामाला लावतो. सर्व्हर दमलेला असेल तर लगेच परत विचारायचं नाही, थोडं थांबून, मग त्याहून जास्त थांबून विचारायचं. आणि आलेली ओळ साठवताना बाजार, माल, जात आणि तारीख या चौघांची मिळून एक खूण करायची, म्हणजे यादी दोनदा आली तरी ओळ दोनदा लागत नाही. ही चालू दिवसाची यादी त्या दिवसापुरतीच असते. आज उचलली नाही तर उद्या त्या जागी उद्याचे भाव. म्हणून साठवण आपली आपण करायची, अप्पांच्या वहीसारखी.

इथपर्यंत सगळं यंत्राचं काम. पुढे माणूस लागतो, कारण यादीची पहिली ओळ माणसाने लिहिलेली असते. एखाद्या दिवशी सोलापूरची ओळच नसते. त्याचा अर्थ कांदा शून्य रुपयांना गेला असा नाही. रविवार असेल, सण असेल, हमालांचा बंद असेल, किंवा आवक इतकी तुंबली असेल की आधीचा माल उचलला जाईपर्यंत लिलावच थांबवला असेल. डिसेंबर-जानेवारीत लाल कांद्याच्या गाड्यांची रांग यार्डाबाहेर लागते तेव्हा असं होतं. म्हणून माझा प्रोग्राम रिकाम्या जागी शून्य लिहीत नाही, रिकामी जागाच ठेवतो. सर्वसाधारण दर किमान आणि कमाल यांच्या बाहेर पडला तर ओळ बाजूला काढतो. भाव कालच्या दहापट किंवा दहावा हिस्सा दिसला तर निरोप न पाठवता मला विचारतो. भाजीपाल्याचा भाव बऱ्याच ठिकाणी 10 किलोवर बोलतात आणि यादीला क्विंटल हवा असतो. तो गुणाकार कारकुनाच्या डोक्यात होतो, कधी राहून जातो.

सगळ्यात अवघड रकाना सर्वसाधारण दराचा. जास्तीत जास्त माल ज्या भावाने गेला तो भाव, अशी त्याची व्याख्या. लासलगावला कांदा ट्रॅक्टरमध्ये सुटा येतो, एका ट्रॉलीला एक बोली. सोलापुरात तो पिशव्यांतून येतो. गाळ्यागाळ्यांपुढे थप्प्या लागतात, एकाच शेतकऱ्याच्या मोठ्या कांद्याची बोली वेगळी, गोल्टीची वेगळी, भिजलेल्याची वेगळी. लिलावाचा घोळका एका गाळ्यावरून दुसऱ्यावर सरकतो आणि भाव त्याच्यासोबत हलतो. या शेकडो बोलींतून 'सर्वसाधारण' असा एक आकडा काढायचा आणि तोही दुपारच्या आत. हा आकडा गणिताइतकाच अनुभवाचा असतो. यार्डात उभा राहून धूळ खाणारा जुना कारकून तो जवळपास बरोबर काढतो. ती यादी मी मुंबईतून उचलली काय किंवा सोलापुरातून, त्याच्या नजरेपेक्षा ती जास्त खरी होत नाही.

भाव कळला, मग?

माहिती पोचली की शेतकऱ्याला भाव मिळेल, हा गेल्या पंचवीस वर्षांचा लाडका विश्वास. त्याला आधारही आहे. केरळच्या किनाऱ्यावर 1997 ते 2001 या काळात मोबाईल आले, आणि मासेमार समुद्रातूनच फोन करून कोणत्या बंदरात भाव आहे ते विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन यांनी 2007 साली दाखवलं की त्यामुळे बंदराबंदरांतली भावाची तफावत खूपच घटली आणि मासळी फेकून द्यायची वेळ जवळजवळ थांबली.

त्याच 2007 साली रॉयटर्सने महाराष्ट्रात एसएमएसने बाजारभाव आणि हवामान पाठवायची सेवा सुरू केली. 1850 साली आखेन ते ब्रसेल्स शेअरबाजाराचे भाव कबुतरांकरवी पाठवून ज्यांनी धंदा मांडला, त्यांचंच हे घराणं. मार्सेल फाफशाम्प आणि बार्ट मिन्टेन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या 100 गावांत या सेवेचा कस लावला. काही शेतकऱ्यांना ती वर्षभर फुकट दिली, काहींना नाही, आणि कांदा, डाळिंब, टोमॅटो अशा मालाला दोघांना मिळालेले भाव ताडून पाहिले. 2012 साली छापलेला निष्कर्ष असा की मिळालेल्या भावात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

यार्डात वाढलेल्या कोणाला याचं आश्चर्य वाटणार नाही. होडी समुद्रात असते तोवर सुकाणू फिरवता येतं. कांदा टेम्पोत भरला, भाडं ठरलं, पिशव्या गाळ्यापुढे उतरल्या, की परत फिरण्याचा खर्च पडेल भावापेक्षा जास्त. भाव कळणं आणि भाव नाकारता येणं यांच्यामध्ये गोदाम, भांडवल आणि घरची नड उभी असते. 14 एप्रिल 2016 पासून ई-नाम आलं, बोली संगणकावर लागू शकते, परगावचा खरेदीदार बोली लावू शकतो. तरी पिशवी ज्या गाळ्यापुढे उतरली तिथेच उतरलेली असते.

आणि यादीत जे नसतंच ते पट्टीत असतं. फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची बातमी देशभर गेली. त्याने 10 पिशव्या, 512 किलो कांदा सोलापुरात विकला. किलोला 1 रुपया. म्हणजे 512 रुपये. त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई असं सगळं वजा जाऊन उरले 2 रुपये 49 पैसे आणि चेक निघाला दोन रुपयांचा. यादीच्या भाषेत ही क्विंटलला 100 रुपयांची बोली. शंभराचा आकडा किमान दराच्या रकान्यात बसतो. वजावटीला रकानाच नाही. त्या दिवशीची यादी कोणी कितीही चोख मागवली असती, तरी तिच्यात ते दोन रुपये दिसले नसते. 2016 साली फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली गेली, हा मोठा बदल. पण तोही यादीत कुठे उमटला नाही. उमटला तो पट्टीत.

कारण यादी बनली ती लांबच्या माणसाच्या गरजेतून. कलेक्टरला साऱ्याचा अंदाज हवा होता, गिरणीला रुईचा, आकडेवाल्याला आकड्याचा, आज धोरण ठरवणाऱ्याला महागाईचा. या सगळ्यांना बोलीचा भाव पुरतो. शेतकऱ्याला बोलीच्या भावातून हाती काय पडेल ते हवं असतं, आणि गेल्या दीडशे वर्षांत यादी उपरण्याखालून फळ्यावर, फळ्यावरून रेडिओवर, रेडिओवरून सर्व्हरवर गेली तरी तिचा हा रकाना कोणी वाढवला नाही.

मी माझ्यापुरता वाढवला आहे. ज्या मालकांचे हिशेब मी करते त्यांची परवानगी घेऊन, नावं गाळून, त्या दिवशीच्या कांद्याच्या पट्ट्यांतली क्विंटलमागची सरासरी वजावट काढते. रात्रीच्या निरोपात आता दोन आकडे असतात: सर्वसाधारण दर, आणि त्यापुढे 'हाती'. पहिला आकडा देशभरच्या यंत्रणेतून येतो, दुसरा यार्डातल्या मूठभर गाळ्यांतून, म्हणून दुसऱ्यापुढे 'अंदाजे' लिहिते. मोहोळकडचा एक शेतकरी आता पहिल्या आकड्याबद्दल काही विचारत नाही. फोन करतो तो हातीसाठी. भाड्याच्या मानाने जमत नसेल तर त्या आठवड्यात माल काढत नाही, चाळीत ठेवतो. त्याच्याकडे चाळ आहे म्हणून हे जमतं, हेही खरं.

मूठभर गाळ्यांचा हा अंदाज सगळ्या बाजाराचा हिशेब व्हायला काहीच आड येऊ नये. पट्टी कायद्याने लिहावीच लागते आणि बहुतेक गाळ्यांवर ती आता संगणकावरच निघते. रोजचा दर वर पाठवणारा कारकूनही जागेवर आहे, यादी मागवणारे माझ्यासारखे प्रोग्रामही आहेत. अप्पांचा प्रश्न होता, आकडा भरला कुणी. त्याला मी दुसरा जोडते, भरला कोणासाठी. शेतकऱ्यासाठी भरायचा असेल तर सर्वसाधारण दराशेजारी सरासरी वजावट हा एक रकाना लागेल. त्यासाठी नवं यंत्र नको, नवा कायदाही नको. बाजार समितीच्या एका बैठकीचा ठराव पुरे.